भोकाचं बूच

मी एक जुनं रबरी बूच आहे. तपकिरी, खाली निमुळतं, वर रुंद, आणि मधोमध आरपार भोक. भोक आहे म्हणून हसू नका. माझं अख्खं आयुष्य त्या भोकावर चाललंय. ते एकदा बुजवलं गेलं तेव्हा काय प्रसंग गुदरला, ते सांगायलाच मी आज बसलोय. मला काही घाई नाही. तुम्हाला असेल तर आधी दप्तर भरून या.

तर मित्रांनो, माझा जन्म एका रबराच्या कारखान्यात झाला. चिकट रबरात गंधक मिसळलं, तो गोळा लोखंडी साच्यात दाबला आणि खालून अशी आंच दिली की मी मऊचा चिवट झालो. बाहेर पडलो तेव्हा अंगाला उग्र वास येत होता. तपासणीच्या टेबलावर एक बाई बसायची. ती प्रत्येक बुचाला अंगठ्याने दाबायची आणि दाबल्यावर जे पुन्हा वर येईल ते पास करायची. मी चटकन वर आलो. शेजारी भरीव बुचांची रास होती. ती आम्हा भोकवाल्यांकडे अशी बघायची, की आमच्यात काहीतरी घालायचं राहूनच गेलंय. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. बाटली बंद करायचं काम आपलं, आणि आपल्यालाच भोक. म्हणजे छत्रीलाच भोक असल्यासारखं झालं.

याचं उत्तर मला एका शाळेच्या प्रयोगशाळेत मिळालं. तिथलं सगळं काचसामान सांभाळायला एक मदतनीस होती, तिला मुलं बाटलीमावशी म्हणायची. काचेच्या चंबूत संगमरवराचे तुकडे टाकायचे, वरून आम्ल ओतायचं आणि चंबूच्या तोंडाशी मला बसवायचं. माझ्या भोकात एक नळी असायची. आत फसफस सुरू झाली की वायू माझ्या भोकातून नळीत जायचा आणि नळीतून चुन्याच्या निवळीत. निवळी दुधासारखी पांढरी झाली की वर्गात एकच गलका व्हायचा. गुण मात्र मुलांना मिळायचे. मला कोणी शाबासकी दिल्याचं आठवत नाही. पण तेव्हा मला माझं काम कळलं. बाजूने काही जाऊ द्यायचं नाही, आणि मधून काही अडवायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

बाटलीमावशीला मात्र माझी किंमत होती. काम झालं की ती मला कोमट पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची. नळी घालताना भोकाला ग्लिसरिनचा एक थेंब लावायची आणि ढकलायची नाही, फिरवत फिरवत बसवायची. धसमुसळ्या मुलांना ती म्हणायची, "अरे, बूच आहे ते, खिळा नाही." त्या खोलीत माझी बावीस वर्षं गेली.

मग ती शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत विलीन झाली आणि प्रयोगशाळा रिकामी करायला माणसं आली. मावशीही त्याच वर्षी निवृत्त होत होती. तिने मुख्याध्यापिकांना विचारलं, "बाई, हे एक बूच आणि ही नळी घरी नेऊ का?"

"घ्या हो मावशी," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "भोकाच्या बुचाचं आम्ही काय करणार?"

असा मी तिच्या जेवणाच्या डब्याला खेटून, पिशवीत बसून, तिच्या घरी आलो.

घर लहान होतं. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणीघर आणि त्यामागे हातभर अंगण. अंगणात सफरचंदाचं एक झाड होतं. मावशीला लेक झाली त्या आठवड्यात तिच्या नवऱ्याने ते लावलं होतं. लेक मोठी झाली, शिकली, लग्न होऊन लांब गेली, पण झाड तिथेच होतं आणि दर वर्षी सफरचंदांनी लगडायचं. आंबटगोड, लहानखुरी फळं. मावशी ती किसायची, पिळायची आणि रस एका मोठ्या काचेच्या बुधल्यात भरायची. त्यात साखर घालायची, वरून चमचाभर यीस्ट. ते यीस्ट शेजारची बेकरीवाली द्यायची. आणि मग बुधल्याच्या तोंडाशी मी.

पहिल्या रात्रीपर्यंत काही होत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र यीस्ट साखर खायला लागतं आणि खाऊन खाऊन ढेकर देतं. त्या ढेकरांचा वायू बुधल्यात साचतो. तो बाहेर पडलाच पाहिजे, पण बाहेरची हवा आत येता कामा नये. ती आली की रस आंबट ढाण होतो, सरळ व्हिनेगर. म्हणून माझ्या भोकात ती वाकडी काचनळी, आणि नळीच्या वळणात दोन घोट पाणी. वायू ते पाणी ढकलून बाहेर पडतो आणि पाणी पुन्हा जागेवर येऊन वाट बंद करतं. प्रत्येक वेळी आवाज येतो, बुडुक. दर चार सेकंदांनी बुडुक. महिन्याभरात रसाची हलकी वाइन होते. ती मोठ्यांसाठी हं. तुमचे अजून बरेच वाढदिवस व्हायचेत.

आता या आवाजाचं त्या घरात एकाच माणसाशी वाकडं होतं. मावशीचा नवरा नळजोडणीचं काम करायचा. सगळी गल्ली त्यांना नळकाका म्हणायची. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरातली ठिबक बंद केली होती. कुठे पाणी टपकलं की त्यांना जेवण जायचं नाही. दुसऱ्याच्या घरी चहाला गेले तरी कान न्हाणीघराकडे. आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात हा बुधला रात्रंदिवस बुडुक बुडुक करतोय.

"अगं, तुझ्या त्या बाटलीला गळती आहे," ते म्हणायचे.

"ती गळती नाही, तो तिचा श्वास आहे," मावशी म्हणायची. "आणि गळतीचं तुम्ही मला सांगू नका. न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या टाकीखाली मी दहा वर्षं तांब्या ठेवतेय. जगाच्या गळत्या काढता आणि आपल्या घरात टपटप."

यावर काकांचं ठरलेलं भाषण असायचं. टाकीला सुरक्षेचा व्हॉल्व्ह असतो. पाणी तापलं की फुगतं, तेव्हा तो व्हॉल्व्ह चार थेंब सोडतो. तो थेंब पडलाच पाहिजे. तो बंद केला तर टाकी फुटून भिंतीसकट शेजाऱ्यांकडे जाईल. मावशी प्रत्येक वेळी मान डोलवायची आणि प्रत्येक वेळी तांब्या ठेवायची. हे भाषण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशी काही वर्षं मजेत गेली. मग एका वर्षी मावशीने प्लास्टिकचं पिंप आणलं. आट्यांचं झाकण, झाकणातच नळी, सगळं एकजीव. मी गेलो खणात. जुने स्क्रू, वळलेले खिळे, एका हरवलेल्या कुलपाची किल्ली आणि मी. पाच वर्षं कोणी हात लावला नाही. रबराला वापर लागतो मित्रांनो. पडून राहिलं की ते कडक होतं. मीही झालो. एका कुशीला बारीकशी चीर गेली, आणि ती गेलेली मलाच आधी कळली, कारण दुसऱ्या कोणाला कळायला कोणी बघतच नव्हतं. वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू.

त्याच काळात नळकाकांचे हातही थरथरायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, वय आहे. पकड सुटायला लागली, पाना हातातून निसटायला लागला. एकदा कोणाच्या तरी नव्या फरशीवर पडून तिचा टवका उडाला, आणि काकांनी कामच सोडलं. पान्यांची पेटी पलंगाखाली गेली. एरवी बोलका माणूस, आता दुपारभर खिडकीशी गप्प बसायचा. मी खणात आणि ते खिडकीत, दोघांचं एकच चाललेलं.

आणि मग ते वादळ आलं. एका दुपारी असा वारा सुटला की अंगणातलं झाड मुळासकट आडवं झालं. पडताना ते अंगणातल्या छपरीवर पडलं आणि छपरीतलं ते प्लास्टिकचं पिंप चेपून त्याची पोळी झाली. मावशी आणि काका पडलेल्या झाडाशी बराच वेळ उभे होते. मग मावशीने पदर खोचला आणि फळं वेचायला घेतली. निम्मी फुटली होती. उरलेल्यांचा रस बरोबर एक बुधला भरला.

"हा शेवटचा," ती म्हणाली. "लेकीच्या झाडाचा शेवटचा रस. ती बाळाला घेऊन येईल ना, तेव्हा तिच्यासमोर उघडायचा."

लेकीला दिवस गेले होते, सातवा संपत आला होता. काकांनी फक्त मान हलवली. पण मला नंतर कळलं, त्यांनी बुधला स्वतः उचलून, छातीशी धरून, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला. हात थरथरत होते म्हणून पावलं इतकी हळू टाकली की मावशीने श्वास रोखून धरला.

पिंप गेलेलं, म्हणून खण उघडला गेला. मावशीने मला बघितलं आणि म्हणाली, "आहेस होय रे तू." तासभर कोमट पाण्यात भिजवलं, चोळलं, वाकवून बघितलं. तिचा चष्मा त्या दिवशी तुटलेला होता, त्यामुळे चीर काही तिला दिसली नाही. मी सांगू शकलो असतो तर सांगितलं असतं. तिने मला फिरवत बसवलं, नळीत पाणी घातलं, आणि दुसऱ्या दिवशी बुडुक सुरू झालं. पाच वर्षांनी. मला इतका आनंद झाला की चिरेची गोष्ट मी विसरूनच गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी जावयाचा फोन आला. लेकीला त्रास होतोय, दवाखान्यात नेलंय, आई लगेच या. मावशीने पिशवी भरली. दारातून निघताना काकांना म्हणाली, "अहो, नळीतलं पाणी कमी झालं तर घाला. बाकी कशाला हात लावू नका. ऐकताय ना? हात लावू नका."

काकांनी घर सांभाळायचं ठरलं, आणि मी आणि बुधला त्यांच्या स्वाधीन झालो.

चौथ्या दिवशी दुपारी बुडुक बंद पडलं.

कारण तुम्हाला कळलंच असेल. आतला जोर वाढला आणि माझी चीर उघडली. वायूला पाणी ढकलत बसण्यापेक्षा माझ्या कुशीतून निसटणं सोपं, आणि सोपी वाट दिसली की तो दुसरीकडे कशाला जाईल? रस आत छान फसफसत होता. नळीतलं पाणी मात्र गप्प. मला फार लाज वाटली. जन्मात एक काम दिलं होतं, बाजूने काही जाऊ द्यायचं नाही, आणि तेच मला जमेना.

इतकी वर्षं ज्या आवाजाने काकांचं डोकं उठायचं, तो थांबल्यावर त्यांना करमेना. ते दहा वेळा येऊन बुधल्यासमोर बसले. टिचकी मारून बघितली. कान लावला. "मेलं की काय हे," असं पुटपुटले. संध्याकाळी मावशीचा फोन आला. ती दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून बोलत होती. कळा थांबल्यात, पण डॉक्टर अजून सोडत नाहीत. मग तिने विचारलं, "आणि आपला बुधला?"

काकांनी बुधल्याकडे पाठ केली. "उत्तम चाललंय," म्हणाले. "तू लेकीकडे बघ."

फोन ठेवल्यावर ते बुधल्यासमोर येऊन बसले. लेक दवाखान्यात, आपण इतक्या लांब, हातांनी काही होत नाही, आणि जी एक गोष्ट सांभाळायला दिली तीही आपल्या हातात मरतेय. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला कळलं, कारण ते माझ्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पलंगाखालची पेटी ओढून काढली. वाटीत साबणाचं पाणी केलं, त्यात रंगाचा जुना ब्रश बुडवला आणि माझ्याभोवती फिरवला. गॅसची नळी तपासायची हीच रीत. जिथून गळती, तिथे साबणाचा फुगा. माझ्या कुशीशी बारीक बारीक फुगे उमटले. काकांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. म्हणजे मेलं नव्हतं. नुसती गळती होती. आणि गळती हा तर त्यांचा हातखंडा विषय.

"सापडलास," ते मला म्हणाले.

त्यांनी साबण स्वच्छ पुसला आणि मला बाहेर काढून नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप माझ्याभोवती आठ वेढे घट्ट गुंडाळली. नळाच्या सांध्यांना फासतात त्या सफेद्याच्या डबीकडे हात गेला होता, पण खाण्यापिण्याच्या भांड्याला सफेदा लावायचा नसतो हे आठवून मागे घेतला. इथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. चीर झाकली गेली आणि मला जरा धीर आला. मग त्यांनी मला बुधल्यात दाबायला सुरुवात केली. फिरवत नाही, दाबत. हात थरथरला, अंगठा नळीवर पडला, आणि काचनळी काटकन मोडली.

सुदैवाने तुकडे फरशीवर पडले, आत एकही गेला नाही. पण आता माझं भोक सताड उघडं आणि बाहेरची हवा थेट आत. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. बावीस वर्षं शाळेत आणि पुढे घरात जी नळी टिकली, ती आपल्या हातून गेली. घाबरलेल्या माणसाला विचार सुचत नाही, सवय सुचते. आणि त्यांच्या हातांना चाळीस वर्षांची एकच सवय होती. भोक दिसलं की बंद करायचं. पेटीतून त्यांनी एक छोटा पितळी प्लग काढला, नळाचं तोंड बंद करायला वापरतात तसा, आणि माझ्या भोकात आट्यांनी पिळून घट्ट बसवला. वरून मला तारेने बुधल्याच्या मानेशी बांधून टाकलं. मग हात पुसत म्हणाले, "आता हवेचा थेंब जायचा नाही."

आणि खरंच जात नव्हता. माझे मात्र धाबे दणाणले. शाळेत एकदा एका मुलाने नळीचं टोक बोटाने दाबून धरलं होतं, तेव्हा मी चंबूतून उडून छताला लागलो होतो. तो पावभर चंबू होता. हा वीस लिटरचा काचेचा बुधला, आणि मला उडताही येणार नव्हतं, कारण वरून तार. मी उडालो नाही तर काच फुटणार. लेकीच्या झाडाचा शेवटचा रस फरशीवर वाहणार, आणि त्या वेळी काका जवळ असले तर काय होईल याचा विचारही मला करवेना. आतून जोर वाढत होता. मी माझं सगळं अंग ताणून धरलं होतं. मी ओरडलो असतो हो, पण माझं तोंडच बंद केलं होतं.

सकाळी बेकरीवाली पाव घेऊन आली. लेकीची खबर घ्यायची होती तिला. बसता बसता तिची नजर कोपऱ्यात गेली.

"काका, हे बूच असं वर का आलंय? तारेवर ताणलं गेलंय बघा."

"गळत होतं. मी पक्कं केलंय," काका म्हणाले. आवाजात कितीतरी महिन्यांनी जरा ऐट होती.

"मग आतली हवा जाते कुठून?"

"जायलाच नको ना."

बेकरीवालीने हातातला कप खाली ठेवला. "मी आंबवलेल्या पिठाच्या डब्याला झाकण कधी घट्ट लावत नाही, काका. एकदा लावलं होतं. भटारखान्याचा दिवा फुटला."

घर इतकं शांत झालं की न्हाणीघरातला आवाज स्पष्ट ऐकू आला. सकाळची टाकी तापली होती. खाली तांब्यात व्हॉल्व्हचा थेंब पडला. टप. थोड्या वेळाने पुन्हा, टप.

काकांनी हळूच न्हाणीघराकडे बघितलं, मग बुधल्याकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. इतकी वर्षं बायकोला दिलेलं भाषण त्यांना त्या क्षणी स्वतःलाच ऐकू आलं असणार.

"ताई, तू दाराबाहेर जा," ते म्हणाले. "आणि लांब उभी राहा."

मग काकांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. जाड गोधडी पाण्यात भिजवली आणि बुधल्याभोवती गुंडाळली, फक्त माझं डोकं बाहेर ठेवलं. डोळ्यांना जुना वेल्डिंगचा चष्मा लावला. हातात पाना घेतला. हात थरथरत होता. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, दीर्घ श्वास घेतला आणि प्लगचा आटा उलटा फिरवला. पाव फेरा. थांबले. पुन्हा पाव फेरा. मी जिवाच्या आकांताने काचेला धरून होतो. आता चीर उघडली तर सगळं एकदम उसळलं असतं. टेपेने मला धरलं, मी काचेला धरलं, काकांनी स्वतःच्या हाताला धरलं. तिसऱ्या पाव फेऱ्याला बारीक सीऽऽ असा आवाज सुरू झाला आणि कितीतरी वेळ चालूच राहिला. काका तसेच ओणवे उभे. आवाज विरला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"आहात ना काका?" बाहेरून बेकरीवालीने विचारलं. ती काही लांब वगैरे गेली नव्हती, दाराच्या फटीतून बघत होती.

"आहे," काका म्हणाले आणि फरशीवरच बसले.

काचनळी मोडली होती, पण काकांच्या पेटीत पातळी बघायची नळी होती. पारदर्शक, बोटाएवढी बारीक. दोन भिंतींवरचे नळ एका उंचीला आहेत का, हे तिच्यात पाणी भरून बघतात. त्यांनी तिचा हातभर तुकडा कापला, उकळत्या पाण्यातून काढला, आणि या वेळी ढकलला नाही. फिरवत फिरवत माझ्या भोकात बसवला. दुसरं टोक पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवलं. मग ते आणि बेकरीवाली, दोघं पेल्याकडे बघत बसले.

बुडुक.

काकांनी डोळे पुसले. चष्म्याने घाम आला होता, असं त्यांनी बेकरीवालीला सांगितलं.

त्याच दुपारी मावशीचा फोन आला. मुलगी झाली होती. दिवसांआधीच आली, मूठभर आहे, पण रडते खणखणीत. दोघी सुखरूप. काका हसले, मग हसता हसता म्हणाले, "अगं, तुला एक सांगायचंय. परवा मी खोटं बोललो." आणि सगळं सांगून टाकलं. गळती, टेप, मोडलेली नळी, प्लग, तार, गोधडी. हातांचंही सांगितलं. पाना धरताना भीती वाटते, दिवसभर काही सुचत नाही, बाळाला हातात घेता येईल की नाही कोण जाणे, हेही. इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून वर्षभरात ऐकली नव्हती.

पलीकडे मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला लागलं नाही ना?"

"नाही."

"मग झालं. आणि अहो, वरच्या कपाटात तशा दोन नळ्या आहेत. शाळेतूनच आणल्यात. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

काकांनी कपाळावर हात मारला. पण पातळीची नळी काढून कपाटातली काही त्यांनी लावली नाही. अजूनही लावत नाहीत.

चार महिन्यांनी लेक बाळाला घेऊन आली. बुधला त्याआधीच गाळून बाटल्यांत भरला होता, पण पहिली बाटली तिच्यासमोरच उघडली. जावई, मावशी, काका, बेकरीवाली, प्रत्येकाच्या पेल्यात थोडीथोडी. लेकीचं बाळ अंगावर पीत होतं, म्हणून तिने फक्त ओठ लावले. मग ती अंगणातल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

"तीच चव आहे, बाबा," ती म्हणाली. "जराशी आंबट."

"ते माझ्यामुळे," काका म्हणाले. "नळी मोडली तेव्हा हवा शिरली."

"नाही हो. आपली सफरचंदं आंबटच होती."

मावशीने नवा चष्मा लावून मला उजेडात धरलं. चीर बघितली, टेप सोडवली, पुन्हा बघितलं. "याचं वय झालं आता," ती म्हणाली. खणातली ती किल्ली, ते वळलेले खिळे डोळ्यांसमोर आले. पण काकांनी मला तिच्या हातातून घेतलं.

"नुसती चीर आहे," ते म्हणाले. "टेप लावली की चालतंय."

त्याच आठवड्यात त्यांनी बाजारातून करंडीभर सफरचंदं आणली. रस त्यांनी स्वतः पिळला, हळूहळू, दोन दिवस लावून. मला कोमट पाण्यात भिजवलं, आठ वेढे टेप, फिरवत बसवलं. दुसऱ्या दिवशी बुडुक सुरू झालं. तेव्हा बाळ किरकिरत होतं, कोणाकडेच राहत नव्हतं. लेकीने सरळ तिला काकांच्या हातात दिलं. ते नको नको म्हणत होते, हातांकडे बघत होते. पण दिलंच तिने. ते बुधल्याशेजारी स्टुलावर बसले. प्रत्येक बुडुकला बाळ डोळे मोठे करून पेल्याकडे बघायचं. आणि काकांचे हात थरथरत होते ना, त्याचाच तिला झोका लागला. दहाव्या बुडुकला ती झोपली. काका तासभर जागचे हलले नाहीत.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला वापरलंत तर कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि खणात विसरू नका. चीर गेली तर बाजूने टेप लावा, मी धरून राहीन. तुमच्या घरात कोणी माणूस फार दिवस गप्प बसला असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि आत काय चाललंय ते विचारा. लगेच नाही सांगणार. तरी बसा.

आणि माझं भोक तेवढं बुजवू नका.